गॅसची टाकी बदलली आणि गिझर पेटेना



या पानावर आम्ही एरवी लागण, खोडवा, बेणे बदल, हुमणीचा बंदोबस्त असेच विषय मांडतो. या खेपेस विषय न्हाणीघरातला घेतला आहे, याचे कोणी नवल करू नये. गळीत हंगाम आणि थंडी बरोबरच येतात. तोडणीच्या पाळ्या सुरू झाल्या की आम्हा शेतकी खात्याच्या माणसांचे पहाटेपासून वस्त्यांवर जाणे-येणे असते आणि उसाची विचारपूस होण्याआधी घरातली गरम पाण्याची ओरड कानावर येते. "काल नवी टाकी लावली, आज गिझर पेटंना. टाकीच खराब दिली बघा." गट ऑफिसच्या ओट्यावरही हेच ऐकू येते. टाकी म्हणजे आपला गॅसचा सिलिंडर. टाकी खराब निघण्याचे प्रसंग असतात, नाही असे नाही. परंतु दहापैकी आठ-नऊ वेळा दोष टाकीत नसतो, असा आमचा अनुभव आहे.

पूर्वी प्रत्येक वस्तीवर तांब्याचा बंब असे. त्याला चिपाडे, तुराट्या, बाभळीच्या काटक्या काहीही चाले. आता पाचट जाळू नका, सरीत कुजवा, असे आम्हीच सांगत फिरतो. काटक्या गोळा करायला घरात माणूस उरले नाही. बंब माळ्यावर गेले आणि न्हाणीघराच्या भिंतीवर गॅसचा गिझर आला. सोय झाली, हे कबूल केलेच पाहिजे. पण बंब बिघडला तर फार तर धूर करी, आणि धूर झाला की माणूस खोकत बाहेर पडे. गिझरच्या बाबतीत हे बाहेर पडणेच होत नाही. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे, ते कृपा करून वगळू नये.

गिझर पेटतो कसा

बिघाड ओळखायचा तर पेटण्याचा क्रम ठाऊक हवा. नळ सोडला की पाणी गिझरमध्ये शिरते आणि आतल्या रबरी पडद्याला रेटते. पडदा सरकला की एक लहान खटका दाबला जातो. खटका दाबला गेला की दोन मोठ्या सेलांच्या जोरावर ठिणगी पडू लागते, टक टक टक असा आवाज येतो, आणि त्याच वेळी गॅसचा झडप-पडदा उघडतो. बर्नर पेटला की जाळाजवळची एक बारीक काडी जाळ लागल्याचे ओळखते आणि गॅस चालू राहतो. काही सेकंदांत जाळ लागला नाही तर गिझर आपण होऊन गॅस बंद करतो. मग नळ बंद करून पुन्हा सोडल्याशिवाय तो दुसरा प्रयत्न करीत नाही.

एवढे ध्यानात आले की अर्धी चिकित्सा कानानेच होते. नळ सोडल्यावर टकटक आवाजच नसेल, तर गॅसचा काही संबंध नाही. एक तर सेल उतरले आहेत, नाही तर पाण्याला जोर नाही. टकटक होते पण जाळ धरत नाही, तेव्हा गॅस पोचत नाही किंवा नळीत हवा आहे. जाळ धरतो आणि लगेच विझतो, तेव्हा ती काडी काजळली आहे, जाळ अशक्त आहे, किंवा सेल इतके उतरले आहेत की ठिणगी पडते पण झडप धरून ठेवण्याइतका जोर उरत नाही. सेल जोडीने बदलावेत. एक नवा एक जुना असे करून काटकसर होत नाही.

पाण्याच्या जोराबद्दल दोन शब्द. गिझरच्या पाटीवर कमीत कमी दाब छापलेला असतो. तो ०.०२ मेगापास्कल असेल तर त्याचा अर्थ दोन मीटर उंचीच्या पाण्याचा दाब, म्हणजे ठिबकच्या गेजवर आपण ज्याला ०.२ किलो म्हणतो तेवढा. पाण्याची टाकी न्हाणीघराच्या पत्र्यावरच टेकवलेली असेल तर तेवढाही दाब मिळत नाही, आणि टाकी अर्धी झाली की टकटक बंद. शिवाय पाणी शिरते तिथे एक बारीक जाळी असते. बोअरचे वाळूमिश्रित पाणी असेल तर ती बुजते. ठिबकचा फिल्टर आपण आठवड्याला धुतो; ही जाळी मात्र गिझर घेतल्यापासून कोणी उघडून पाहिलेली नसते.

नळीतली हवा

आता टाकी बदलल्यानंतरचे मुख्य दुखणे. इंजिनाची डिझेल टाकी कोरडी पडून नंतर डिझेल भरले तर इंजिन लगेच धरत नाही, पंपाचा बोल्ट सैल करून हवा काढावी लागते, हे विहिरीवर इंजिन चालवलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. गॅसच्या नळीचेही तसेच. जुनी टाकी पार रिकामी होईपर्यंत चालवली, रेग्युलेटर काढला, नवी टाकी लावली, या दरम्यान नळीत थोडी हवा शिरते. नळीच बदलली असेल तर ती पूर्ण हवेने भरलेली असते. ठिणगी पडते, पण बर्नरमधून बाहेर येते ती हवा.

मात्र इथे इंजिनाचा उपाय चालत नाही. डिझेलचा बोल्ट सैल केला तर चार थेंब जमिनीवर पडतात. गॅसचा सांधा सैल करून 'हवा काढली' तर हवेपाठोपाठ गॅस येतो, आणि हा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे वर न जाता मोरीत, फरशीलगत साचून राहतो. कोपऱ्यात कोठे चूल पेटलेली असली की पुढे काय होते ते सांगायला नको. आम्ही पान्हा घेऊन हा उद्योग करणारी मंडळी पाहिली आहेत, म्हणून हे स्पष्ट लिहितो.

योग्य रीत अगदी साधी आहे. न्हाणीघराची खिडकी व दार उघडे ठेवावे. रेग्युलेटर नीट बसून 'टक' वाजल्याची आणि त्याचा खटका चालू असल्याची खात्री करावी. गरम पाण्याचा नळ सोडावा, टकटक थांबेपर्यंत थांबावे, जाळ लागला नाही तर नळ बंद करून मिनिटभर थांबावे आणि पुन्हा सोडावा. दोन-चार प्रयत्नांत हवा निघून जाते व जाळ धरतो. टाकी अंगणात आणि गिझर मागच्या पडवीत, अशी लांब नळी असेल तर एखाद-दुसरा प्रयत्न जास्त लागतो. पाच-सहा वेळा करूनही पेटत नसेल तर तेथेच थांबावे. तीच टाकी शेगडीला जोडून पाहावी. शेगडी निळ्या जाळाने नीट पेटली तर टाकी व रेग्युलेटर निर्दोष आहेत, दोष गिझरमध्ये किंवा त्याच्या नळीत आहे. शेगडीही पेटली नाही तर वितरकाला कळवावे.

दारोदार विकायला येणारी 'गॅस वाचवा' छापाची घड्याळवजा उपकरणे काही घरांत रेग्युलेटरच्या तोंडी बसवलेली असतात. गॅस एकदम सोडला की त्यातली काही अडकून बसतात आणि नवी टाकी मुकी वाटते. वितरकाला विचारल्याशिवाय असली वस्तू बसवू नये. लग्नाच्या आचाऱ्याचा मोठ्या भट्टीचा रेग्युलेटर तर गिझरला कधीही लावू नये; घरगुती रेग्युलेटरपेक्षा त्यातून कितीतरी जादा दाबाने गॅस येतो आणि गिझर त्यासाठी केलेला नसतो. गोबरगॅसची नळी गिझरला जोडता येईल का, असेही काही सभासद विचारतात. टाकीच्या गॅसवरच्या गिझरला ती चालत नाही. गोबरगॅसची उष्णता व दाब दोन्ही कमी, आणि बर्नरची भोके त्या मानाने फार बारीक.

थंडीतली टाकी

"जुनी टाकी अजून जड लागत होती, तरी गिझर पेटेना, म्हणून बदलली," हीसुद्धा नेहमीची तक्रार. टाकीतला गॅस द्रवरूपात असतो. तो प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण आहे. प्रोपेन शून्याखाली ४२ अंशांना उकळतो, म्हणजे आपल्याकडच्या कोणत्याही थंडीत त्याची वाफ होते. ब्युटेन मात्र शून्याच्या आसपास उकळतो. पहाटे पारा सात-आठ अंशांवर उतरला की ब्युटेनला वाफ होण्याची घाई नसते. टाकीतून आधी प्रोपेन जास्त प्रमाणात निघून जातो, तळाशी ब्युटेन उरतो. त्यातून वाफ होताना द्रव आणखी गार पडतो आणि टाकीला बाहेरून दव धरते. निफाडच्या बाजूची थंडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे सांगायला नको.

त्यात गिझरची भूक मोठी. मिनिटाला सहा लिटर पाणी २५ अंशांनी तापवायचे म्हटले तर हिशेबाने तासाला सुमारे एक किलो गॅस लागतो. एवढी वाफ अर्धवट रिकामी, गारठलेली टाकी देऊ शकत नाही, म्हणून जाळ बसतो. तीच टाकी दुपारी शेगडीला लावली तर आठवडाभर स्वयंपाक होतो. म्हणून पहाटे पेटला नाही एवढ्यावरून टाकी परत देऊ नये. टाकीला ओले फडके पुसून पाहावे. द्रव जिथवर असतो तिथवरचा भाग सावकाश वाळतो, त्यावरून किती शिल्लक आहे याचा अंदाज येतो. एकाच रेग्युलेटरवर शेगडी आणि गिझर दोन्ही असतील तर दोन्ही एकदम चालवू नयेत.

गारठलेल्या टाकीला 'ऊब' देण्याचे जे प्रकार चालतात ते भयंकर आहेत. कोणी ती आडवी निजवतो, कोणी गरम पाण्याच्या घमेल्यात उभी करतो. एका वस्तीवर तर चुलीच्या जोत्याला टेकवलेली आमच्या पाहण्यात आली. आडव्या टाकीतून वाफेऐवजी द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो आणि बर्नरवर जाळाचा भडका उडतो. टाकी उभीच असावी, मोकळ्या जागी असावी, सावलीत चालेल पण खड्ड्यात किंवा तळघरात नसावी. एवढ्यावर पेटत नसेल तर ऊन वर येईपर्यंत अंघोळ लांबवावी. पोराची शाळा चुकली तरी चालेल.

उलट प्रकारही घडतो, आणि तो फार कमी जणांच्या लक्षात येतो. जुनी टाकी संपत आली की पाणी कोमट येते, म्हणून घरातले कोणी तरी गॅसचा खटका पूर्ण फिरवून ठेवते आणि पाण्याची धार बारीक करते. मग नवी टाकी येते. खटके तसेच राहतात. भरल्या टाकीचा पूर्ण जाळ आणि बारीक धार, यामुळे पाणी कढत येते. म्हाताऱ्या माणसाचे किंवा लेकराचे अंग भाजते. किंवा पाणी मर्यादेबाहेर तापले म्हणून गिझर आपोआप बंद पडतो आणि आपण म्हणतो, टाकी खराब. नवी टाकी लावली की गॅसचा खटका कमीवर आणून मग हळूहळू वाढवावा. काही गिझर ठराविक वेळाने, बहुधा २० मिनिटांनी, आपण होऊन बंद होतात. तो बिघाड नव्हे, ती सोय आहे. लगोलग पुन्हा पेटवून पाळीने चौघांनी अंघोळ उरकणे हा त्या सोयीचा पराभव आहे.

वास नसलेला धोका

येथवर लिहिले ते गैरसोयीविषयी. आता जिवाविषयी.

गॅस गळला तर वास येतो, कारण त्यात मुद्दाम उग्र वासाचे द्रव्य मिसळलेले असते. त्यामुळे 'वास नाही म्हणजे धोका नाही' अशी आपली समजूत झाली आहे. ती गिझरच्या बाबतीत खोटी आहे. गिझरला जळायला हवा लागते. न्हाणीघर लहान, थंडीमुळे खिडकीला पोते लावलेले, दाराला आतून कडी. दहा-पंधरा मिनिटांत आतली हवा खालावते आणि गॅस अर्धवट जळू लागतो. अर्धवट जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातला जो घटक प्राणवायू वाहून नेतो त्याला हा वायू प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोके जड होते, मळमळते, पायांतले बळ जाते. माणसाला कळते की काही तरी होते आहे, पण कडीपर्यंत हात पोचत नाही. न्हाणीघरात अशा रीतीने माणसे गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत येतात, आणि त्यांत तरुण, धडधाकट माणसे असतात.

आमच्या फेरीत एका वस्तीवर घरच्या काकी सकाळी अंघोळ करून आल्या की उंबऱ्यापाशी बसून राहत. चक्कर येते, पित्त झाले आहे, असे सगळे समजत. लिंबू-सरबत देत. गावातल्या डॉक्टरांनी पित्ताच्याच गोळ्या दिल्या होत्या. उन्हाळ्यात त्रास नाही, थंडीत रोज. न्हाणीघर पाहिले तर खिडकीला प्लॅस्टिकचा कागद खिळ्यांनी ठोकलेला, आणि गिझरचा जाळ निळा असायचा तो पिवळा, वर पत्र्याला काजळी. कागद त्याच दिवशी निघाला, गिझर आठवड्यात बाहेर गेला. काकींना त्यानंतर चक्कर आली नाही. अशी 'थंडीतली पित्ते' आणखी किती घरांत असतील, याचा सभासदांनी आपापल्या घरी विचारून शोध घ्यावा. बाईमाणूस आपण होऊन सांगत नाही.

पिवळा जाळ ही खूण कायम लक्षात ठेवावी. बर्नरमध्ये धूळ, कोळ्याचे जाळे, गंज बसला की हवा नीट मिसळत नाही. वर्षातून एकदा, थंडी लागण्यापूर्वी, गिझर उघडून साफ करून घ्यावा, तोही जाणकार मिस्त्रीकडून. नवी टाकी लावल्यावर जाळ जोमदार झाला म्हणून खूष न होता तो निळा आहे ना हे पाहावे. मात्र जाळ निळा दिसला म्हणून खिडकी लावून घेऊ नये. बंद खोलीतली हवा निळा जाळही खातोच.

न्हाणीघरात कोणी बेशुद्ध सापडले तर आधी दार फोडून हवा आत येऊ द्यावी, माणसाला उघड्यावर आणावे, गिझर बंद करावा आणि १०८ ला फोन करून रुग्णवाहिका मागवावी. डॉक्टरांना 'गॅसचा गिझर चालू होता' हे शब्द अवश्य सांगावेत, म्हणजे प्राणवायू देण्यात वेळ जात नाही. शुद्धीवर आला म्हणून घरीच ठेवू नये.

टाकी घेताना

आपल्या उसाचे वजन काट्यावर होताना सभासद मंडळी किती चौकस असतात, हे आम्हाला चांगले ठाऊक आहे. तीच चौकशी गॅसच्या टाकीची कोणी करीत नाही. टाकीच्या गळ्याशी रिकाम्या टाकीचे वजन कोरलेले असते. त्यात १४.२ किलो मिळवावेत, तेवढे भरले पाहिजे. टाकी आणून देणाऱ्याजवळ वजनकाटा असणे अपेक्षित आहे, तो मागावा. तिथेच ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर व सालाचे दोन आकडे असतात. ए म्हणजे मार्चअखेर, बी जूनअखेर, सी सप्टेंबरअखेर, डी डिसेंबरअखेर. ती टाकीच्या पुढच्या तपासणीची मुदत होय. मुदत उलटलेली टाकी घेऊ नये. सील फोडून झडपेतील काळी रबरी कडी शाबूत आहे का, हे त्याच्यासमोरच पाहावे. ती कडी नसली वा चिरलेली असली की रेग्युलेटर बसवताच सूं असा आवाज येतो.

सांध्यांची तपासणी साबणाच्या पाण्याने करावी, काडी ओढून कदापि करू नये. रबरी नळी पाच वर्षांनी बदलावी. ऊस तुटला की शेतातले उंदीर वस्तीकडे वळतात आणि हंगामात नळ्या कुरतडल्या जातात, म्हणून तोडणी झाल्यावर एकदा नळीवरून हात फिरवावा. वास आल्यास विजेचे बटण चालू अथवा बंद करू नये, रेग्युलेटर काढून टोपण लावावे, दारे उघडावीत आणि बाहेर येऊन १९०६ या गॅस गळतीच्या क्रमांकावर कळवावे.

गिझर न्हाणीघराबाहेर

खरा इलाज गिझर बाहेर नेणे हाच. गॅसची नळी व टाकी दोन्ही बाहेरच्या अंगाला, भिंतीतून फक्त गरम पाण्याचा पाइप आत. मिस्त्रीचे एका दिवसाचे काम. पाइप दोन-तीन हातांपेक्षा लांब नसावा, नाही तर पाणी वाटेतच निवते. बाहेर लावताना पावसासाठी वर पत्रा द्यावा, पण तिन्ही बाजूंनी डबा करून गिझर कोंडू नये. सोसाट्याच्या वाऱ्याने जाळ विझतो म्हणून वाऱ्याच्या तोंडची बाजू सोडून भिंत निवडावी. स्वयंपाकघराच्या किंवा निजायच्या खोलीच्या खिडकीखाली लावू नये, जळलेली हवा आत येते. भाड्याच्या खोलीत किंवा दाट गावठाणात बाहेर जागाच नसेल तर निदान खालच्या व वरच्या अंगाला, कायम उघडी राहतील अशी झरोक्याची भोके भिंतीत पाडावीत, बादली भरून घ्यावी, गिझर बंद करावा आणि मग दार लावून अंघोळीला बसावे.